ऐतिहासिक वेशभूषेची पुनर्निर्मिती

ऐतिहासिक वेशभूषेची पुनर्निर्मिती : गतकालीन पोशाखांच्या नमुन्यावरून रंगभूमी, चित्रपट, वेशांतराचे समारंभ, संग्रहालये किंवा केवळ हौस यांसाठी नव्याने पोशाख शिवण्याची कला. या कलेत यूरोपीय स्त्रियांच्या गाउनला विशेष स्थान आहे. चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गाउनच्या बाह्याकृतीत वारंवार व ठळक बदल होत गेले. कंबरेची उंची, बाहीचा घेर, गळ्याची रुंदी आणि घेराचा फुगीरपणा यांवरून एखाद्या गाउनचा काळ पुष्कळदा एका दशकाच्या मर्यादेत निश्चित करता येतो. त्यामुळे इतिहासाचा भास निर्माण करण्याचे ते एक प्रभावी साधन ठरले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः गाउनच्या पुनर्निर्मितीचा विचार केला असून अखेरीस भारतातील व महाराष्ट्रातील संबंधित परंपरेचा निर्देश केला आहे.

पुनर्निर्मित पोशाखाला नेहमी दोन काळ असतात : ज्या काळाचे तो अनुकरण करतो तो एक आणि ज्या काळात तो शिवला जातो तो दुसरा. यांपैकी दुसरा काळ शिवणाऱ्याच्या व पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण तो त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. पन्नास वर्षांनंतर तोच पोशाख पाहणाऱ्यास मात्र दुसरा काळच आधी जाणवतो. रंग, जर, कशिदा, मणी इ. सजावटीचे अनुकरण चित्रावरून करता येते. पोशाखाची बेतणी, अस्तर, आतील आधार व टाके यांचे ज्ञान मात्र चित्रातून मिळत नाही. हे ज्ञान शिंप्यांच्या व शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या हातात होते आणि फारच थोड्या प्रमाणात लिहून ठेवले गेले. ते पुन्हा मिळविण्याची खटपट हाच या कलेच्या इतिहासाचा गाभा होय.

मूळ गाउनची घडण : मध्ययुगीन यूरोपीय पोशाखांच्या बेतणीचा विश्वसनीय पुरावा ग्रीनलंडमधील हेर्योल्फ्सनेस येथील दफनभूमीत सापडला. डॅनिश पुरातत्त्वज्ञ पोल न्योर्लुन याने १९२१ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात गोठलेल्या जमिनीत टिकून राहिलेले लोकरी झगे मिळाले. सरळ पट्ट्यांमध्ये त्रिकोणी कळ्या जोडून घेर वाढविण्याची त्यांतील पद्धत भारतीय कळीदार अंगरख्याची आठवण करून देणारी आहे. कापड हातमागावर कष्टाने विणलेले असल्याने ते वाया जाऊ नये, ही दृष्टी या बेतणीच्या मुळाशी होती.

सोळाव्या शतकात शिंपीकामावरील छापील ग्रंथ निघू लागले. स्पॅनिश शिंपी ह्वान दे अल्सेगा याचा १५८० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झालेला बेतणीविषयक ग्रंथ त्यांत महत्त्वाचा आहे. ठरावीक पन्ह्याच्या कापडावर पोशाखाचे तुकडे कमीत कमी नुकसान होईल अशा रीतीने कसे मांडावेत, याच्या आकृत्या त्यात आहेत. परकराला कड्यांचा आधार देऊन शंकूसारखा आकार आणणाऱ्या फार्दिंगेलची बेतणीही त्यात दाखविली आहे. तथापि टाके कोणते घालावेत, अस्तर कसे लावावे, यांविषयी ग्रंथ मौन पाळतो. वाचणारा शिंपीच असणार व त्याला हे ठाऊकच असणार, असे त्यात गृहीत धरलेले दिसते.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्त्रियांचे औपचारिक पोशाख प्रामुख्याने पुरुष शिंपी शिवीत. पॅरिसमध्ये १६७५ साली चौदाव्या लुईच्या आज्ञेने शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र व्यावसायिक संघ अस्तित्वात आला. त्यांना स्त्रियांचे पोशाख शिवण्याचा हक्क मिळाला. ताठ कंचुक्या व दरबारी पोशाखाचा मागे रुळणारा पदर मात्र शिंप्यांकडेच राहिला. याच सुमारास मँट्युआ हा सैलसर, चुण्यांनी बसविलेला गाउन रूढ झाला. तो शिवणाऱ्या स्त्रिया सामान्यतः कागदी नमुना वापरीत नसत. प्रथम कंचुकीवर नेमके बसेल असे अस्तर कापून घेत, त्यावर रेशमी कापड चुण्या घालून टाचण्यांनी बसवीत आणि मग जागच्या जागी शिवीत. ग्राहक स्त्रीचे शरीर हाच त्यांचा नमुना होता.

अठराव्या शतकातील फ्रेंच धाटणीच्या गाउनमध्ये पाठीवर मानेपासून थेट जमिनीपर्यंत रुंद दुहेरी चुण्या सोडलेल्या असत. पुढे त्यांना चित्रकार वातो याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. इंग्लिश धाटणीत याच चुण्या कंबरेपर्यंत शिवून घट्ट बसवीत. दोन्ही प्रकारांत कापड शक्य तितके कमी कापलेले आढळते. याचे कारण आर्थिक होते. रेशमी कापडाचे पन्हे सु. ५० सेंमी. असे व त्याची किंमत शिलाईच्या मजुरीच्या कितीतरी पट असे. घेराच्या शिवणी लांब धावदोऱ्याने घालीत, म्हणजे त्या सहज उसवता येत आणि कापड नव्या फॅशनप्रमाणे पुन्हा उपयोगात आणता येई. बाहीच्या किंवा घेराच्या आतील बाजूस लहानलहान जोड दिलेले असत. हे जोड गरिबीचे लक्षण नसून श्रीमंतांच्या पोशाखांतही ते सर्रास दिसतात.

या गाउनांच्या इतिहासात भारतीय कापडाचा वाटा मोठा आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील कलमकारी छिटांचे गाउन यूरोपात इतके लोकप्रिय झाले, की स्थानिक विणकरांच्या संरक्षणासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये अशा कापडावर बंदी घातली व ती १७५९ पर्यंत चालू ठेवली. इंग्लंडमध्येही १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरावर निर्बंध आले आणि ते १७७४ मध्ये उठले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मलमलीने गाउनची बाह्याकृतीच बदलून टाकली. मारी आंत्वानेत या फ्रेंच राणीचे पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यातील चित्र व्हीजे ल ब्रं या चित्रकर्त्रीने १७८३ मध्ये प्रदर्शनात मांडले. राणी अंतर्वस्त्रात दाखविली आहे, अशी टीका झाल्याने ते काढून घ्यावे लागले. पुढील दोन दशकांत मात्र उंच कंबरेचे, अंगालगत पडणारे मलमलीचे गाउन यूरोपभर रूढ झाले.

वेशांतराचे समारंभ : जुन्या काळाचा पोशाख हौसेने शिवून घालण्याची प्रथा अठराव्या शतकातील मुखवटानृत्यांच्या समारंभांत रुजली. लंडनमध्ये रॅनली व व्हॉक्सहॉल येथील उद्यानांत असे मेळावे भरत. त्यांत ‘व्हॅन डाइक पोशाख’ विशेष प्रिय होता. सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक याच्या व्यक्तिचित्रांवरून हा पोशाख घेतला आहे, अशी समजूत होती. प्रत्यक्षात स्त्रियांच्या या पोशाखाचा एक प्रमुख आधार रूबेन्सने काढलेले आपल्या पत्नीचे चित्र हा होता. ते त्या वेळी व्हॅन डाइकचे समजले जाई. टॉमस गेन्झबरोच्या सु. १७७० च्या ‘ब्लू बॉय’ या प्रख्यात चित्रातील मुलाच्या अंगावरही याच प्रकारचा पोशाख आहे. टॉमस जेफरीज याने १७५७ व १७७२ मध्ये निरनिराळ्या राष्ट्रांच्या प्राचीन व आधुनिक पोशाखांच्या चित्रांचे खंड प्रसिद्ध केले. समारंभाला जाणाऱ्यांना व नटांना त्यांचा उपयोग झाला. चित्र पाहून पोशाख शिवावयाचा, ही पद्धत येथून रूढ झाली आणि तिच्यातील उणीवही तिच्याबरोबरच आली.

ही उणीव एकोणिसाव्या शतकातील दरबारी समारंभांत स्पष्ट दिसते. १२ मे १८४२ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात झालेल्या समारंभात व्हिक्टोरिया राणी व प्रिन्स ॲल्बर्ट हे चौदाव्या शतकातील राणी फिलिपा व तिसरा एडवर्ड यांच्या वेशात अवतरले. मंदीत सापडलेल्या स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांना काम मिळावे, हाही समारंभामागील एक हेतू होता. पोशाखांसाठी जाणकारांचा सल्ला घेतलेला असूनही एडविन लँडसीर याने काढलेल्या चित्रात राणीची कंबर १८४० नंतरच्या दशकातील कॉर्सेटने आवळलेली दिसते. म्हणजे जुन्या समाधिशिल्पांवरून कापडाची नक्षी उचलली गेली. शरीर मात्र समकालीनच राहिले. चार्ल्स दुसरा याच्या काळावर आधारलेला असाच एक समारंभ १८५१ मध्ये झाला. त्यासाठी यूजेन लामी याने आखलेला राणीचा पोशाख ब्रिटिश राजसंग्रहात सुरक्षित आहे.

लंडनच्या डेव्हनशर हाउसमध्ये २ जुलै १८९७ रोजी झालेला समारंभ या प्रथेचा कळस मानला जातो. पाहुण्यांनी १८१५ पूर्वीच्या ऐतिहासिक किंवा रूपकात्मक वेशात यावे, अशी अट होती. यजमानीण डचेस पॅल्मायराची राणी झेनोबिया झाली होती. तिचा रत्नजडित पोशाख पॅरिसच्या वर्थ या प्रसिद्ध पेढीने तयार केला. लाफायेत छायाचित्रशाळेने पाहुण्यांची छायाचित्रे त्याच रात्री घेतली. ती पाहता प्राचीन राण्या, मध्ययुगीन सरदारकन्या व रोकोको काळातील दरबारी स्त्रिया या सर्वांच्या अंगाचा बांधा १८९७ च्या कॉर्सेटनेच घडविलेला दिसतो. अशा समारंभांसाठी आजी-पणजीच्या पेट्यांतील अठराव्या शतकाचे खरेखुरे गाउनही बाहेर काढले जात व उसवून, कापून नव्या बांध्यावर बसविले जात. संग्रहालयांतील अनेक मूळ गाउनांवर या फेरफारांच्या खुणा असून त्यामुळे अभ्यासकाला प्रथम मूळच्या शिवणी व नंतरच्या शिवणी वेगळ्या कराव्या लागतात.

रंगभूमी : शेक्सपिअरच्या काळात नट बहुधा समकालीन वेशातच वावरत. ‘टायटस अँड्रॉनिकस’ नाटकातील प्रसंगाचे सोळाव्या शतकाच्या अखेरचे जे रेखाचित्र उपलब्ध आहे, त्यात मुख्य पात्राच्या अंगावर रोमन धाटणीचे वस्त्र, तर इतरांच्या अंगावर एलिझाबेथकालीन कपडे आहेत. अठराव्या शतकात डेव्हिड गॅरिक मॅक्बेथची भूमिका आपल्या काळच्या पोशाखात करी. पॅरिसमध्ये क्लेराँ या अभिनेत्रीने १७५५ मध्ये व्होल्तेअरच्या चिनी कथानकावरील नाटकात कमरेच्या दोन्ही बाजूंस घेर फुगविणारे पॅनिअर वर्ज्य केले, तर तल्मा याने ‘ब्रूटस’ या नाटकात रोमन टोगा परिधान केला. हे दोन्ही प्रयोग त्या काळी धाडसाचे ठरले.

इंग्लिश रंगभूमीवर इतिहासशुद्ध वेशभूषेचा पद्धतशीर प्रयत्न जेम्स रॉबिन्सन प्लांशे (१७९६–१८८०) याने केला. कव्हेंट गार्डन नाट्यगृहात १८२३ मध्ये चार्ल्स केम्बलने सादर केलेल्या ‘किंग जॉन’ या नाटकासाठी त्याने समाधिशिल्पे, राजमुद्रा व हस्तलिखितांतील चित्रे अभ्यासून तेराव्या शतकातील पोशाख तयार करविले. नटांचा प्रारंभी विरोध होता. प्रेक्षकांनी मात्र पोशाखांचे उत्साहाने स्वागत केले. पुढे १८३४ मध्ये त्याने ब्रिटिश वेशभूषेचा इतिहास लिहिला. चार्ल्स कीन याने १८५० ते १८५९ या काळात प्रिन्सेस नाट्यगृहात ही पद्धत अधिक थाटाने चालविली. त्याच्या १८५६ मधील ‘द विंटर्स टेल’ या प्रयोगात प्राचीन ग्रीक भांडी व शिल्पे यांवरून पोशाख आखले होते. तथापि त्याची पत्नी एलेन हिने ग्रीक वस्त्राखाली आपल्या काळचे फुगीर परकर घातले होते, असे त्या प्रयोगात बालभूमिका करणाऱ्या एलेन टेरी हिने पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कीनच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही; पण वरचे वस्त्र इतिहासाचे व आतले वर्तमानाचे, ही तडजोड त्याच्या घरातच मोडता आली नाही. वास्तुशिल्पज्ञ एडवर्ड विल्यम गॉडविन (१८३३–८६) याने वस्त्राची पडण व शरीराची मोकळीक यांवर भर दिला. १८८४ मध्ये लंडनच्या लिबर्टी दुकानाच्या वेशभूषा विभागाचा तो पहिला प्रमुख झाला.

घरगुती शिवण : शिवणयंत्र व कागदी नमुने यांमुळे ही कला मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. इलायस हौ याला १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये शिवणयंत्राची एकस्वे मिळाली. एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये अमेरिकेत निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये आर्डर्न होल्ट हिचे वेशांतराच्या पोशाखांचे वर्णन करणारे पुस्तक १८७९ मध्ये निघाले व त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. त्यात ऐतिहासिक राण्यांबरोबर फुले, ऋतू, पक्षी यांची सोंगेही वर्णक्रमाने दिलेली आहेत. कोणत्या वयाच्या व वर्णाच्या स्त्रीस कोणता वेश शोभेल, याचे मार्गदर्शनही त्यात आहे. इतिहासाच्या अचूकतेपेक्षा शोभेला येथे अधिक महत्त्व होते.

विसाव्या शतकात साखळी-बंद, इलॅस्टिक व कृत्रिम धाग्यांचे सॅटिन यांनी हे काम सोपे व स्वस्त केले. शाळकरी मुलांच्या वेशांतराला, तसेच प्रवेशामागून प्रवेशात झटपट कपडे बदलावे लागणाऱ्या नटांना हीच साधने सोयीची असतात. अशा पोशाखाला अशुद्ध म्हणून कमी लेखणे योग्य नाही. त्याचे प्रयोजनच वेगळे असते. मात्र इतिहासाचा पुरावा म्हणून तो दाखविला जातो, तेव्हा फरक स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

चित्रपट : चित्रपटाने ऐतिहासिक गाउनची प्रतिमा कोट्यवधी प्रेक्षकांच्या मनात ठसविली. वॉल्टर प्लंकेट याने ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील चित्रपटासाठी आखलेला, पडद्याच्या हिरव्या मखमलीतून शिवलेला गाउन टेक्सस विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम केंद्रात जतन केलेला आहे. या चित्रपटातील घेरदार क्रिनोलिन १८६० च्या सुमाराचे, पण नायिकेचा मुखशृंगार १९३९ चा आहे. ‘क्लीओपात्रा’ (१९६३) मध्ये आयरीन शॅरफ हिने नायिकेसाठी आखलेल्या झग्यांची छातीवरील घट्ट बेतणी ईजिप्तपेक्षा १९६० च्या सुमारासच्या फॅशनशी अधिक जुळते. याउलट ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या अठराव्या शतकातील कथेवरील चित्रपटात मिलेना कानोनेरो व उल्ला-ब्रिट सोडरलुंड यांनी बेतणी व केशरचना या दोन्ही अंगांनी त्या काळाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्यांना वेशभूषेचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

मापन व संशोधन : बेतणीच्या शास्त्रीय अभ्यासाला विसाव्या शतकाच्या मध्यास चालना मिळाली. लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये वेशभूषा शिकविणाऱ्या नोरा वॉ हिने कॉर्सेट व क्रिनोलिन (१९५४), पुरुषांच्या कपड्यांची बेतणी (१९६४) आणि स्त्रियांच्या कपड्यांची बेतणी (१९६८) या विषयांवर मूळ पोशाखांच्या आधारे ग्रंथ लिहिले. जॅनेट आर्नल्ड (१९३२–९८) हिने हे काम अधिक काटेकोर केले. तिच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या मालेचे पहिले दोन भाग १९६४ व १९६६ मध्ये निघाले आणि १५६० ते १६२० या काळावरील तिसरा भाग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयातील गाउन न उसवता, तो टेबलावर पसरून, कापडाच्या विणीचा उभा-आडवा रोख पाहत ती प्रत्येक तुकड्याचे माप घेई व चौकटीच्या कागदावर एकअष्टमांश प्रमाणात त्याची आकृती काढी. कोठे जोड दिला आहे, कोठे जुन्या टाक्यांची भोके शिल्लक आहेत, कोठे अस्तर नंतर बदलले आहे, याच्या नोंदी आकृतीच्या कडेला असत. या पद्धतीमुळे पोशाख हा ग्रंथाप्रमाणे वाचता येणारा पुरावा ठरला.

कबरींतून मिळालेल्या वस्त्रांचेही महत्त्व या अभ्यासात वाढले. १५६२ मध्ये मृत्यू पावलेल्या टोलेडोच्या एलेओनोरा या फ्लॉरेन्सच्या डचेसची कबर १८५७ मध्ये उघडण्यात आली. तिच्या अंगावरील जीर्ण रेशमी पोशाखाच्या अभ्यासातून त्या काळच्या इटालियन गाउनची बेतणी कळू शकली. आर्नल्डच्या निधनानंतर जेनी तिरामानी व सहकाऱ्यांनी तिचे अपुरे काम पुढे नेले आणि मालेचा चौथा भाग २००८ मध्ये, तर पाचवा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये १९९७ साली खुल्या झालेल्या शेक्सपिअर्स ग्लोब या पुनर्रचित नाट्यगृहात तिरामानी हिने काही प्रयोगांसाठी अंतर्वस्त्रांपासून सर्व कपडे त्या काळच्या पद्धतीने, हातशिलाईने तयार करविले. अशा कपड्यांत नटाचे चालणे, वाकणे व बसणे आपोआप बदलते, हे त्यातून प्रत्यक्ष दिसून आले. अमेरिकेत कलोनिअल विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील पद्धतीने गाउन शिवण्याचे काम प्रेक्षकांसमोर केले जाते. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे आरंभ झालेल्या मध्ययुगप्रेमी मंडळींच्या संघटनेने व तिच्यासारख्या इतर गटांनी हौशी शिवणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार केला आहे.

निर्मितीची प्रक्रिया : इतिहासशुद्ध गाउन आतून बाहेर शिवला जातो. अठराव्या शतकाचा गाउन करावयाचा असल्यास प्रथम तागाचा अंतर्झगा, मग ताठ कंचुकी, नंतर घेराला आधार देणारे पॅनिअर व परकर तयार करतात. गाउनची मापे कंचुकी घातल्यानंतरच घेतली जातात; आधी घेतलेली मापे निरुपयोगी ठरतात, कारण कंचुकीने छाती वर उचलली जाते, धड शंकूसारखे होते आणि खांदे मागे खेचले जातात. त्यानंतर मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून अंगावर बसवून पाहतात व त्यात दुरुस्त्या करून अस्तर कापतात. मुख्य कापड सर्वांत शेवटी हाती घेतले जाते. मूळ कंचुक्यांत व्हेलच्या तोंडातील लवचीक पट्ट्या घालीत. आज त्यांच्याऐवजी वेत, पोलाद किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतात. पोलाद अंगाच्या उष्णतेने मऊ होत नाही, त्यामुळे कंचुकीचा बाक मूळच्यासारखा येत नाही, असा अनुभव आहे.

कापडाची निवड हा यातील अवघड भाग होय. जुन्या काळातील रेशमी तफेता कडक असूनही वजनाने हलका असे. आजच्या जाड कापडाच्या चुण्या तशा बसत नाहीत. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये जांभळ्या कृत्रिम रंगाचा शोध लावण्यापूर्वी सर्व रंग वनस्पती, कीटक व खनिजे यांपासून मिळत. म्हणून त्या आधीच्या काळाच्या गाउनला झगझगीत जांभळा वा गुलाबी रंग विसंगत ठरतो. आधुनिक कापडाचे पन्हे दुपटीहून अधिक असल्याने जोड देण्याची गरज उरत नाही. तरीही काळजीपूर्वक काम करणारे मूळ नमुन्यातील जोड जसेच्या तसे ठेवतात, कारण जोड काढला की तुकड्याचा विणीतील रोख बदलतो व त्याबरोबर कापडाची पडणही बदलते. यंत्राचा टाका घट्ट व एकसारखा असतो. हाताच्या धावदोऱ्याने घातलेली शिवण थोडी हलते व चुणी मऊ पडते. हा फरक दुरूनही जाणवतो.

जतन व परिधान : मूळ पोशाख अंगावर घालणे हा त्यांचा नाश करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. घाम, ताण, प्रकाश व घर्षण यांमुळे जुने रेशीम चिरते आणि एकदा चिरलेले रेशीम पूर्ववत होत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वेशभूषा समितीने संग्रहातील पोशाख कोणीही घालू नयेत, असे स्पष्ट केले आहे. १९६२ मधील एका प्रसिद्ध अमेरिकन अभिनेत्रीचा मूळ पोशाख २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील समारंभात पुन्हा घातला गेला, तेव्हा या समितीने आपली भूमिका पुन्हा जाहीर केली. पुनर्निर्मित पोशाखाचे सर्वांत मोठे सामाजिक मूल्य येथेच आहे : तो मूळ वस्त्राऐवजी झिजतो. तो चालवून, वाकवून, धुऊन पाहता येतो आणि मूळ वस्त्र अंधाऱ्या, समशीतोष्ण पेटीत सुरक्षित राहते.

भारत व महाराष्ट्र : मराठी रंगभूमीवर पोशाखांच्या व्यवस्थेस ‘कपडेपट’ ही संज्ञा रूढ आहे. संगीत नाटकांच्या काळात पौराणिक नायिकाही समकालीन महाराष्ट्रीय धाटणीचे उंची शालू व दागिने धारण करीत. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) वेशभूषेचा स्त्रियांच्या आवडीनिवडीवर प्रभाव पडला, तो याच कारणाने. पोशाखाचा दुसरा काळ येथे उणेपणाचा न ठरता आकर्षणाचा विषय झाला होता. बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) व प्रभात कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटांनी शिवकालीन व पेशवेकालीन वेशाची प्रतिमा प्रेक्षकांसमोर उभी केली.

कोल्हापूरच्या भानू अथैय्या (१९२९–२०२०) यांनी या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविली. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. सु. पन्नास वर्षांचा काळ व्यापणाऱ्या या कथेत बॅरिस्टरचा पाश्चात्त्य पोशाख ते खादीचा पंचा हे स्थित्यंतर वेशातूनच व्यक्त झाले आहे. १८९३ मधील कथेवर आधारलेल्या ‘लगान’ (२००१) या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भारतीय वेशाच्या अभ्यासाचा पाया गो. स. घुर्ये यांच्या १९५१ मधील ग्रंथाने व मोतीचंद्र यांच्या प्राचीन भारतीय वेशभूषेवरील लेखनाने घातला. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयातील शिवलेल्या पोशाखांची ब. न. गोस्वामी यांनी सिद्ध केलेली सूची १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. अंगरखा, चोळी, जामा यांसारख्या शिवलेल्या वस्त्रांना यूरोपातील मापनपद्धती लागू करता येते. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे यांसारख्या न शिवलेल्या वस्त्रांचा प्रश्न मात्र निराळा आहे. पेटीत जपून ठेवलेल्या लुगड्यावरून त्याचे सूत, रंग व काठ कळतात; ते कसे नेसले जाई हे कळत नाही. त्याची बेतणी कापडात नसून नेसणाऱ्या हातांत असते. म्हणून अशा वेशाच्या पुनर्निर्मितीसाठी शिल्पे व चित्रे यांच्या जोडीला निरनिराळ्या समाजांतील वृद्ध स्त्रियांकडून नेसण्याच्या पद्धती पाहून, मिऱ्या, ओचा व कासोटा यांच्या क्रमासह टिपून ठेवणे हे मापनाइतकेच मूलभूत काम ठरते.